आयर्विनला किती फूट? : पुराच्या गाण्याची नोंद चौथी

मंडळी, तीन महिने नोंद टाकली नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आता घडलंय. गाणं 6 मिनिटं 40 सेकंदांवर आलंय आणि परवा रात्री ऐकताना पहिल्यांदा अंगावर काटा आला. त्या जागी माझी गिटार वाजत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. गाणं ऑगस्ट 2019 च्या पुराचं. सांगलीत पावसाळ्यात माणूस भेटला की आधी "आयर्विनला किती?" विचारतो, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट, मग बाकीची चौकशी. पुलाजवळ 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि त्या वर्षी कृष्णा 57 च्या वर गेली. गाण्याचा सगळा सांगाडा या आकड्यांवर उभा आहे. एकटा विचारतो, "किती?" आणि बाकीचे आकडा सांगतात. ध्रुवपद असं नाहीच.

मागच्या नोंदीतला मिक्स आठवतोय ना? 38 ट्रॅक, दोन थर व्हायोलिनचे, डबल किक, शेवटी सूर एक पट्टी वर. बालपणीच्या मित्राला ऐकवला. त्यानं हेडफोन काढला आणि म्हणाला, "पुराचं हाय का वरातीचं?" दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. मग फाईल उघडली आणि एकेक ट्रॅक बंद करत गेलो.

घोटाळा असा होता की पहिल्या सेकंदापासून सगळं मोठंच होतं. कानाला मोजायला काही हाताशीच नाही. लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' (1971) आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय. आठ मिनिटांच्या त्या गाण्यात ड्रम येतात ते चार मिनिटं उलटून गेल्यावर. घड्याळ लावून बघेपर्यंत हे मला जाणवलंसुद्धा नव्हतं. लयही हळूहळू चढत जाते. मी मात्र क्लिक (तालाची टिकटिक) मिनिटाला 80 ठोक्यांवर ठोकून बसलो होतो. आता 72 ला सुरुवात आणि 57 फुटाला पोचेपर्यंत 88. कुठे वाढली ते कुणाला कळलं नाही पाहिजे. रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती वाढवायची त्याचा आराखडा, आखायला दोन रविवार गेले, त्यावर वेगळं लिहीन.

दुसरी गोष्ट पोवाड्यातून उचलली. (अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव ज्या जिल्ह्यात, तिथल्या माणसाला पोवाडा शिकायला यूट्यूब लागावं, याची लाज आहेच.) शाहीर ऐन रंगात चाल तोडतो आणि साध्या बोलण्यात सांगायला लागतो. डफ थांबतो, मागे तुणतुणं तेवढं चालू राहतं. मग पुन्हा चाल उचलली की झीलकऱ्यांचा (मागे साथ धरणाऱ्यांचा) "जी रं जी जी" असा कोसळतो की माणसं तीनच असली तरी गाव उभं राहिल्यासारखं वाटतं. तुणतुण्याला तार एक, सूर एक. तो हलत नाही म्हणूनच वरचं सगळं हललेलं कळतं. पट्टी चढवायची माझी हौस इथेच संपली. पट्टी बदलली की तो खालचा सूर सुटतो, आणि गाणं आहे त्या जागेवरून उठून जातं.

म्हणून खाली सबंध गाणंभर पांढरी दोनचा (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी) एकच सूर धरलाय, तुणतुणं आणि तंबोरा मिळून. तंबोरा मिरजेचा, सतारमेकर गल्लीतून एका ओळखीच्यांनी आठ दिवसांसाठी दिला. भोपळ्याला जपून रिक्षातून आणताना मला घाम फुटला होता. गिटार ड्रॉप डी मध्ये (सगळ्यात जाड तार डीवर उतरवून) आणि पॉवर कॉर्ड फक्त षड्ज-पंचमाचे. डिस्टॉर्शनमध्ये गंधार घातला की वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर) एकमेकांत भांडतात आणि गढूळ होतं. नुसता पंचम स्वच्छ गरजतो, शिवाय आनंद की दुःख हे ठरवूनही टाकत नाही. जवारी लावलेला (तार घोडीवर झणझणावी असा जुळवलेला) तंबोरा आणि पेटलेला अँप एकत्र लावून बघाच एकदा. दोघांचं काम एकच, एका सुरातून वरचे दहा सूर बाहेर काढायचं.

आता हलगी. जुलैच्या दमट हवेत कातडं इतकं सैल पडलं होतं की वाजवलं तर पुठ्ठ्याचा आवाज. गच्चीवर रद्दी पेटवून शेकत बसलो. खालच्या काकू धावत वर आल्या. "अरे, काय पेटवलंयस? वायर जळाली काय?" मग हलगी बघून तिथेच टेकल्या आणि 2019 ला त्यांच्या जिन्याची कितवी पायरी बुडाली होती ते सांगत बसल्या. मोबाइलवर घेतलंय. गाण्याच्या मधल्या गद्याच्या जागी तोच आवाज जाणार आहे, त्यांची परवानगी घेऊन. मी लिहिलेला उतारा कचऱ्यात.

माइक जवळ लावला तर हलगीची नुसती टिचकी येते. दुसरा माइक दोन मजले खाली जिन्याच्या तोंडाशी ठेवला आणि तिथे आकार मिळाला. जागा केवढी आहे हे कान ओळखतो ते मूळ आवाज आणि पहिला परतीचा आवाज यांच्यातल्या अंतरावरून. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटर जास्तीच्या वाटेला सेकंदाचा दहावा भाग. रीव्हर्बचा (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टचा) नुसता शेपटा लांबवू नका, आधी प्री-डिले, म्हणजे घुमणं सुरू व्हायच्या आधीचं अंतर, वाढवा. मी तीन वर्षं उलटं करत होतो.

आकडे सांगणारे आवाज सहा जणांचे: मित्र, त्याची बायको, काकू, दोन भाचे आणि मी. तीन वेळा घेतले, दर वेळी माइकपासून आणखी लांब उभं राहून. "त्रेपन्न"ला धाकटा भाचा अर्धा मात्रा आधीच ओरडला. ते ठेवलंय. काटा आला तो तिथेच. घाबरलेला माणूस तालात थांबतो कुठे?

लाउडनेसची चिंता सोडलीय. स्पॉटिफाय सगळं उणे 14 एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजायचं एकक) आसपास आणूनच ठेवतं, मग दाबून दाबून विटेसारखी लाट कशाला? पहिला "किती?" आणि शेवटचा यांच्यात 12 डेसिबलचा फरक राखलाय. गाडीत सुरुवात ऐकू येणार नाही. येऊ नये.

अडलंय ते शेवटाला. 57 ला सगळं तोडून तुणतुणं एकटं ठेवलंय, तिथवर ठीक. पण पाणी उतरायला पुढे कितीतरी दिवस लागले होते, आणि वास. ते उतरणं मला दीड मिनिटात बसवता येईना. आकडे उलटे मोजून पाहिले, तर रॉकेट सोडल्यासारखं झालं. येत्या रविवारी मित्राच्या ओळखीचे एक घुमकंवाले (हलगीच्या जोडीनं वाजणारं चर्मवाद्य) येणार आहेत. त्यांना काही न सांगता नुसतं ऐकवून विचारणार आहे. त्याआधी कुणी हलगीला ओलाव्यातही ताण टिकवायची युक्ती सांगितली तर बरं होईल. काकूंकडे आता जुने पेपरही शिल्लक नाहीत.