मॅसी १०३५: मागचा पीटीओ शाफ्ट एकदाचा बाहेर निघाला

मंडळी, गेल्या खेपेला आमच्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, थांबलो होतो; त्याचं ऑइल अडवणारं सील ठिबकत होतं. आमच्या भागात यावर रीत ठरलेली: हंगामाच्या तोंडावर नवं सील घालायचं, रोटाव्हेटर जोडायचा आणि पुन्हा खाली डबा ठेवायचा. पण सील उगाच फाटत नसतं, म्हणून या वेळी मुळाशी जायचं ठरवलं.

ऑइल उतरवलं, हाउसिंगचे बोल्ट काढले आणि शाफ्ट बेअरिंगसकट मागं ओढला. नेहमीचाच, ५४० आरपीएमचा, सहा दातांचा, ३५ मिमी. दातांची जोर येणारी बाजू खाल्लेली, नख फिरवलं की पायरीच लागत होती. आणि सीलचं ओठ जिथं घासतं तिथं गोल चर पडलेला. त्या चरावर कितीही भारी सील घाला, ऑइल येणारच.

उद्यमनगरात टर्नरकाकांनी तो लेथवर सेंटरला धरून वाकडेपणा मोजणारा डायल लावला. शाफ्ट वाकलेला! वेल्डिंग भरून दात पुन्हा काढून घ्यायचा विचार होता, पण त्या उष्णतेनं दातांचं हार्डनिंग जातं आणि शाफ्ट आणखी ओढला जातो. काकाच म्हणाले, "ह्यात पैसं घालू नगंस, नवाच घे." घेतला. बेअरिंग तिथंच प्रेसवर बसवलं.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडं. दातांच्या कडा ओठ कापतात, म्हणून दातांवर दुधाची पिशवी गुंडाळून ग्रीस लावलं, मग हाउसिंग सरकवलं.

आता मूळ दुखणं. ते ट्रॅक्टरमध्ये नव्हतंच, ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर जोडणाऱ्या शाफ्टमध्ये होतं. त्याच्या एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या चौकोनी, त्यामुळं कशाही एकमेकींत बसतात. आतल्या दोन टोकांचे योक, म्हणजे सांध्याचा क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. इथं कुणा पठ्ठ्यानं काटकोनात घातले होते. क्रॉसचा सांधा कोनात चालला की एका फेरीत वेग दोनदा कमी-जास्त होतो. योक रेषेत असले तर दुसरा क्रॉस तो फरक मारतो, नसले तर हिसके उलट वाढतात. त्यात शाफ्टची लांबीही जास्त. लिफ्ट वर-खाली करताना नळ्या आत टेकायच्या आणि सगळा रेटा पीटीओच्या बेअरिंगवर यायचा. दोन्ही नळ्या सारख्या कापल्या, कडा कानसल्या, योक जुळवले.

ऑइल भरून रिकामा फिरवला, सील कोरडं आहे. खरी परीक्षा खोडव्याच्या रानात, रोटाव्हेटर लावल्यावरच.

त्याआधी पीटीओवरचं गार्ड हवं. जुन्या गाड्यांवर ते शिल्लकच नसतं, काढून कुठं टाकलं जातं कोण जाणे. उघड्या शाफ्टशेजारी धोतर-टॉवेलवाली माणसं वावरतात, बघून पोटात गोळा येतो. पत्र्याचं करून घेतोय. कुणाकडं १०३५ चं मूळ गार्ड असेल तर भोकांची मापं टाका.