तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट गुळमुळीत का?

मी रेडिओलॉजिस्ट, सीटी स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिते. सर्जन विचारतात, नातेवाईक विचारतात, हल्ली घरचेही विचारतात: सीटीत सगळं दिसतं ना, मग 'नाकारता येत नाही', 'लक्षणांशी पडताळून पाहावे' हे कशाला? हात झटकायला?

सगळं दिसत नाही हो. पित्ताशयातले काही खडे पित्ताइतकेच घन असतात; सीटीत लपतात, सोनोग्राफीत चटकन सापडतात. ६ मिलिमीटरच्या वर अपेंडिक्स म्हणजे सूज, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हवा भरलेलं धडधाकट अपेंडिक्सही ७-८ भरतं. मी आधी भोवतालची चरबी धूसर झालीय का ते बघते.

एकदा रात्री अपघाताची केस आली. तरुण मुलगा, पोटावर हँडलचा मार. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर लगेच घेतलेल्या पहिल्या फेजमध्ये स्प्लीन (प्लीहा) झेब्र्यासारखी पट्ट्यापट्ट्यांची. सर्जनचा फोन: "फाटलीय ना? घेऊ ऑपरेशनला?" म्हटलं, थांबा. कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना निरोगी स्प्लीनही अशीच दिसते. ७० सेकंदांनी घेतलेल्या पुढच्या फेजमध्ये ती एकसारखी झाली. लिव्हर, किडन्या, पॅन्क्रिया ठीक. पण मूत्राशयामागे थोडं पाणी होतं. त्यावर कर्सर ठेवून घनता मोजली: १५ हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक). ताजं रक्त साधारण ३० ते ४५ दाखवतं. म्हणजे हे ताजं रक्त नसावं. मग आलं कुठून, आतड्यातून? लंग विंडो (हवा ठळक दाखवणारं सेटिंग) लावून वेढ्यावेढ्यांच्या मधे, फाटलेल्या आतड्यातून बाहेर पडते ती मोकळी हवा शोधली. एक बुडबुडा नाही. एक वेढा किंचित जाड वाटला. वाटला, इतकंच. 'आतड्याची इजा नाकारता येत नाही, वारंवार तपासावे, गरज पडल्यास पुन्हा सीटी' असं लिहिलं, फोनवरही सांगितलं.

"म्हणजे हो की नाही?" ते चिडले.

दुपारी पोट लाकडासारखं कडक झालं. उघडलं तर लहान आतड्याला भोक. मुलगा वाचला. सर्जन मात्र म्हणाले, "रात्रीच ठाम बोलला असतात तर बारा तास वाचले असते."

कशाच्या जोरावर बोलायचं? पोट उघडून काहीच निघालं नसतं तर?

पूर्वी मी म्हणायचे, दिसेल तेवढंच लिहावं, निर्णय त्यांचा. आता हे वाक्य मलाच जरा सोयीचं वाटतं. 'दाट संशय' लिहायला हवं होतं का? पण त्या रात्री संशय दाट नव्हताच. नंतर झाला, भोक दिसल्यावर.

आणि हो, फॉर्मवर नुसतं 'पोटदुखी' खरडून पेशंट पाठवणाऱ्यांनी तरी माझ्या 'पडताळून पाहावे'ला नावं ठेवू नयेत.