३ नोव्हेंबर १९४८ : कचऱ्याचं कोडं सुटलं, आणि एक नवंच घबाड

मंडळी, मुख्य बातमीतला तो तुकडा अखेर सुटला! मागच्या नोंदीत ज्याच्या नावाने मी बोटं मोडली होती, तोच. 'शिकागो डेली ट्रिब्यून'चं पहिलं पान ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं वाचून मजकूर काढणारी संगणक-प्रणाली) काढायचं काम चालू आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अमेरिकेच्या १९४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत जिंकले डेमोक्रॅट ट्रुमन, आणि या दैनिकाने विजयी करून टाकलं रिपब्लिकन ड्यूईंना, तेच हे पान. 'ड्यूई डिफीट्स ट्रुमन' (ड्यूईंकडून ट्रुमन पराभूत) हा आठकॉलमी मथळा झटक्यात वाचला गेला होता. खालच्या बातमीत मात्र मध्येच काही ओळी आल्या की नुसता कचरा. स्वर नसलेले शब्द, भलतीकडे आकडे, उगाच उद्गारचिन्हं.

सगळे उपाय करून झाले. रिझोल्यूशन वाढवलं, पान सरळ केलं, कॉन्ट्रास्ट ताणला, शाईचे ठिपके एकेक करून पुसले. ओसीआर बदलून पाहिला. (फुकटातला टेसरॅक्ट विकतच्यापेक्षा सरस आहे, हे माझं मत आता कायम. विकतचा तोच कचरा सुबक फॉन्टमध्ये देतो, एवढाच फरक.) बाकी पान लख्ख आणि तेवढाच पट्टा हटून बसलेला.

शेवटी कचराच छापून समोर घेतला आणि अक्षरं तपासायला बसले. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा 'ई' जवळजवळ गायब. 'यू'चा सुळसुळाट. 'डी' हवा तिथे 'पी'. तेव्हा कुठे ट्यूब पेटली! तेवढा पट्टा कापला, १८० अंशांत फिरवला आणि परत दिला. घडाघडा वाचला पठ्ठ्याने. स्कॅन ठणठणीत होता, ओसीआरही निर्दोष; ओळी मूळ छापील पानावरच उलट्या आहेत! जगातल्या सगळ्यात बदनाम मथळ्याखाली मजकूर डोक्यावर उभा, आणि सगळे बघतात फक्त मथळा.

यामागचं कारण मला मथळ्याहून रंजक वाटतं. शिकागोतले जुळारी तेव्हा वर्षभर संपावर होते, कामगार संघटनांवर बंधनं घालणाऱ्या टाफ्ट-हार्टली कायद्याच्या विरोधात. लायनोटाइप, म्हणजे ओळी जुळवणारं यंत्र, चालवायला माणूस नाही. मग ट्रिब्यूनने मजकूर टाइपरायटरवर काढायचा, कागदावर जुळवायचा, त्याचा फोटो घेऊन प्लेट कोरायची, असा मार्ग काढला. भिंगातून पाहा : बातमीची अक्षरं चक्क टंकलेखनाची आहेत, 'आय'ला आणि 'एम'ला सारखीच जागा. अशा घाईच्या जुळणीत पट्टी उलटी बसली तर नवल नाही. या पद्धतीला वेळही जास्त लागायचा, म्हणून अंक काही तास आधीच यंत्रावर चढवावा लागे. मतमोजणी धड सुरू होण्याआधीच डाक आवृत्ती रवाना! निकाल मग ठरवला वॉशिंग्टनचे जुनेजाणते बातमीदार आर्थर सिअर्स हेनिंग यांनी. आधीच्या पाचपैकी चार निवडणुकांत त्यांचा अंदाज बरोबर आला होता. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे दीड लाख अंक छापून झाले होते.

आता निराशेची बातमी. उलट्या ओळी सापडल्यावर मी उड्या मारत होते की अस्सल अंक ओळखायची खूण मिळाली. कसली मिळतेय! पुनर्मुद्रणं मूळ पानाच्या फोटोवरूनच निघतात, त्यामुळे त्यांच्यातही ओळी तशाच उलट्या. म्हणजे परत शाई आणि कागद. जुन्या रोटरीवरच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार उठते. पुनर्मुद्रणांच्या ऑफसेट छपाईत ती नसते. दहापट भिंग पुरतं, महागडं सूक्ष्मदर्शक घेऊ नका. आणि चहाच्या पाण्यात बुडवून 'जुना अंक' म्हणून विकणाऱ्यांपासून सावध. खरा न्यूजप्रिंट कडांकडून आत तपकिरी होत जातो, सगळीकडे एकसारखा नाही.

हे सगळं करताना मथळ्याखालची दुसरी ओळ पहिल्यांदाच नीट वाचली आणि खुर्चीतून पडायचीच बाकी राहिले. राज्यात रिपब्लिकनांची मुसंडी दिसते, शहरात बॉयल (सरकारी वकीलपदाचे उमेदवार) आघाडीवर, असं तिथे म्हटलंय. आता हिशोब करा. वरच्या मथळ्याला निदान सबब तरी आहे. ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ अशा निर्वाचक मतांनी जिंकले खरे, पण ओहायोत त्यांची आघाडी जेमतेम ७ हजारांची, कॅलिफोर्नियात १८ हजारांच्या आत, खुद्द इलिनॉयमध्ये ३४ हजारांच्या आत. तिथे चुकणं समजू शकतं. पण गव्हर्नरपदासाठी त्याच इलिनॉयमध्ये डेमोक्रॅट अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन साडेपाच लाखांहून जास्त मतांनी आले! 'मुसंडी' कोणाची म्हणे? घरच्या अंगणातला हा अंदाज तर शतपट फसलेला, आणि त्याला कोणी हसत नाही. खरा ठरला तो एकटा बॉयल. तो डेमोक्रॅट होता. पुढच्या आवृत्तीत राज्यातली पदं डेमोक्रॅटांनी पटकावल्याचा मथळा आला. त्या पानाचा स्वच्छ स्कॅन अजून हाती लागलेला नाही.

त्यामुळे बेत बदलतेय. नुसते मोठे मथळे जमवण्यात आता राम नाही. त्या दिवसाच्या पानांवरचं बारीक अक्षर जमवायचं. सुरुवात सदरांपासून, कारण तिथे मंडळी जास्तच फसली आहेत. राजकीय सदरं लिहिणारे आल्सॉप बंधू गंभीरपणे विचारतायत, नवे अध्यक्ष येईपर्यंतचे दहा आठवडे सरकारने काढायचे कसे. दुसरे सदरलेखक ड्रू पिअर्सन ड्यूईंच्या गोटातल्या माणसांची ओळख करून देतायत. सदरं आधीच लिहून पाठवलेली, मागे घ्यायला वेळच नाही. मथळा निदान रात्रीत बदलला. सदर सकाळी वाचकाच्या हातात.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. प्रत्येक कात्रणाशेजारी गॅलप या जनमत चाचणीचा शेवटचा टक्केवारीचा आकडा लावला तर? ड्यूई ४९.५, ट्रुमन ४४.५. प्रत्यक्षात ट्रुमन ४९.६, ड्यूई ४५.१. आकडे जवळपास बरोबर, फक्त नावांची अदलाबदल! उलट्या ओळींच्या शेजारी हे उलटं कोष्टक शोभून दिसेल. मांडणी आडवी ठेवावी की उभी, यावर मतं हवीत. त्या पुढच्या आवृत्तीचा स्कॅन कोणाकडे असेल तर ६०० डीपीआयला, टिफमध्ये पाठवा. जेपेग नको, लॅमिनेट केलेल्या पानाचा तर अजिबात नको.