फॉर्ममधल्या एका रकान्याची गोष्ट

जर्मनीतल्या आमच्या कंपनीत कर्मचाऱ्यांसाठी कोचिंग सुरू करायचं ठरलं, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून माणसाला त्याचं उत्तर त्यालाच शोधू द्यायचं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी खूश होते. भारतात टीम लीड असताना नव्या पोरांना हाताखाली घेऊन तयार करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे आराखडा पटकन झाला: कोच कोण, कोणाला कोच मिळणार, किती सत्रं आणि शेवटी एक साधा फॉर्म. फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता. त्यात मॅनेजरने एक ते पाचमध्ये माणसाची प्रगती लिहायची.

त्या रकान्यावर सगळं अडलं. आणि अडवलं कोणी? वरच्या साहेबांनी नाही, तर बेट्रिब्सराटने, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या परिषदेने. जर्मनीत पाच कायम कर्मचारी असले तरी अशी परिषद निवडता येते. आमच्याकडे दोनशेच्या वर माणसं आहेत, त्यामुळे परिषदेच्या अध्यक्षबाईंना नेहमीचं काम पूर्ण माफ आणि पगार मात्र चालू. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चेष्टा वाटली होती. आपल्याकडे प्रतिनिधी म्हटलं की गेट, झेंडा आणि घोषणा. या बाई आल्या त्या हातात अशा परिषदांच्या कायद्याचं पुस्तक घेऊन, जागोजागी रंगीत चिठ्ठ्या लावलेलं.

कलम 94: कर्मचाऱ्यांची प्रश्नावली आणि मूल्यमापनाचे सर्वसाधारण निकष परिषदेच्या संमतीशिवाय लागू होत नाहीत. कलम 98: कंपनीतलं प्रशिक्षण कसं राबवायचं, यातही परिषदेचा शब्द लागतो. सत्रांच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या म्हटल्या तर कलम 87, कारण त्यातून माणसावर नजर ठेवता येते. जमलंच नाही तर प्रकरण लवादापुढे, आणि लवाद म्हणेल ते दोघांनाही बांधील. थोडक्यात, ‘वरून आदेश आलाय’ हे आपलं हुकमी वाक्य इथे चालत नाही.

मी चिडले. एका रकान्यासाठी इतक्या बैठका? प्रगती मोजायचीच नसेल तर कंपनी पैसे कशाला घालेल? बाईंनी शांतपणे विचारलं, “हा आकडा कोण बघणार?” म्हटलं, मॅनेजर. “पगारवाढ कोण ठरवतं?” मॅनेजर. “मग कोचसमोर खरं कोण बोलेल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. होतं, आणि मी ते दिलंही: चांगल्या मॅनेजरला खरं सांगायला कोणी घाबरत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

शेवटी रकाना गेला. आता सुरुवातीला कर्मचारी, कोच आणि मॅनेजर तिघं एकत्र बसून उद्दिष्ट ठरवतात. त्यानंतर मॅनेजरला फक्त सत्रं झाली की नाही एवढंच कळतं. बाकी काय सांगायचं ते कर्मचाऱ्याने ठरवायचं. कोच दुसऱ्या विभागातला असतो आणि नोंदी त्याच्याकडेच राहतात. कार्यक्रमाचा उपयोग होतोय का, हे निनावी प्रश्नावलीतून बघायचं, आणि विभाग लहान असेल तर त्याचा निकाल वेगळा काढायचा नाही, नाहीतर कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. हे शेवटचं मला सुचलं नसतं, हे मान्य.

कोचना शिकवायला आम्ही जॉन व्हिटमोर यांच्यामुळे लोकप्रिय झालेली ‘ग्रो’ (GROW) पद्धत घेतली. इंग्रजी आद्याक्षरांवरून चार पायऱ्या: ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निर्धार. (हे ब्रिटिश गृहस्थ आधी मोटार रेसिंगमध्ये होते, 1965 चे युरोपियन टूरिंग कार विजेते.) सराव तिघातिघांचा. एक कोच, एक बोलणारा, आणि तिसऱ्याने कोच किती वेळा सल्ला देतो त्याच्या कागदावर रेघा मारायच्या.

एका गटात कोच होता उत्पादन विभागातला जुना इंजिनिअर. समोरची तरुण मुलगी म्हणाली, “ग्राहकांच्या मीटिंगमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.” त्याच्याकडे दहा उपाय तयार होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने पेनचं टोपण तीनदा काढलं, घातलं आणि विचारलं, “शेवटचं कधी बोलली होतीस?” ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “डिझाइन माझं होतं तेव्हा.” पुढच्या मीटिंगमध्ये आपला भाग आपणच मांडायचा, हे तिनेच ठरवलं. तिसऱ्याच्या कागदावर एकही रेघ नव्हती.

त्याच्या जागी मी असते तर त्या कागदाची चाळण झाली असती. पण त्याची मला लाज वाटत नाही. आम्हाला कोणी कोच दिला नव्हता. रात्री सर्व्हर पडला की सीनियर दादा शेजारी खुर्ची ओढून बसायचा, “अगं, असं नको, इकडे बघ” म्हणायचा आणि तासात प्रश्न सुटायचा. इथे संध्याकाळनंतर शेजारी खुर्ची ओढणारं कोणी सापडत नाही, तशी पद्धतच नाही. आता हेही खरं की तोच दादा दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर साहेबांना सगळं सांगायचा आणि अप्रेझलमध्ये ते बरोब्बर उमटायचं. पण त्यात वाईट हेतू नसायचा. निदान आमच्या दादाचा तरी नव्हता.

म्हणून एक गोष्ट मी हट्टाने आराखड्यात घातली. नव्या माणसाला पहिले काही महिने कोच नाही, सोबती द्यायचा, आणि त्याने विचारत बसायचं नाही, सांगायचं. ज्याला मशीन कुठून चालू होतं ते माहीत नाही, त्याला ‘तुला काय वाटतं?’ विचारणं म्हणजे छळ आहे. अध्यक्षबाईंनाही ते पटलं. फक्त त्यांनी पेन उचलून विचारलं, “हा सोबती मॅनेजरला काय काय सांगणार?”

गुरुवारी परत बसायचं आहे.