दादांचा आवाज लावताना

डिसेंबरात नाशिकला थंडी पडली की मंडळाचा मेळावा, आणि मेळावा म्हटला की माईकपाशी दादा. आकाशवाणीवरचे निवेदक, पण गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, ते घरच्यासारखे बोलत. यंदाचा मेळावा त्यांना निरोप देण्याचा होता. भाषणं चार-चार मिनिटांचीच ठेवली. बाकीचा वेळ जुन्या मेळाव्यांच्या कॅसेटमधल्या त्यांच्या आवाजाला.

त्यांच्या निवेदनाचे कागद पाठकोरे आणि सुटे. टाचलेलं पान उलटताना होणारी सळसळ माईक पकडतो, म्हणून वाचून झालेलं पान ते अलगद बाजूला सरकवत. वाक्य पानाच्या तळाशी तुटलेलं कधी नसे. माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. समोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. वेग मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द, कारण घाटाच्या दगडांवरून आवाज परत येतो आणि भरभर बोललं की शब्दावर शब्द चढतो. १९२२ पासून वसंत व्याख्यानमाला ऐकत आलेलं हे गाव, इथे गडबडीचं बोलणं खपत नाही.

जुनी कॅसेट मात्र काढली आणि लावली, असं करू नये. बरीच वर्षं पडून राहिलेली फीत थराला थर चिकटून बसते. एकदम ओढली की ताणते आणि आवाज डुलतो. आधी ती शेवटपर्यंत पुढे नेऊन पूर्ण मागे गुंडाळायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठच्यापेक्षा पातळ असते, तिला जास्त जपायचं. फीत हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबणारी कॅसेटमधली छोटी गादी गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. दुसऱ्या कॅसेटची काढून बसवता येते. तरी ‘स’ आणि ‘श’ बोथट वाटले तर हेडचा स्क्रू केसभर फिरवून बघायचा. आणि पहिल्यांदा वाजेल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्यायचं, दुसऱ्यांदा फीत टिकेलच असं नाही.

मग खरखर काढायचा मोह होतो. थोडी काढावी. जास्त काढली की माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, आणि वाक्यांमधला श्वासही खरखरीबरोबर जातो. ‘नमस्कार’ म्हणण्याआधी दादा एक खोल श्वास घेत. प्रत्येक कॅसेटवर तो आहे, आणि आम्ही तो तसाच राहू दिला. शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचावा म्हणून त्या संध्याकाळी जनरेटर शंभर पावलं लांब नेऊन ठेवला.