हनुवटी

मंगळवार, रात्री साडेअकरा

आत्याच्या हनुवटीवरचे तीन केस गेले. तिचा चेहरा लिनोवर, म्हणजे कोरून छाप काढायच्या मऊ पत्र्यावर, कोरत होते; कोरणी जरा पुढे सटकली आणि तिन्ही उडून लिनोच्या सालपटांत पडले. मी खाली बसून शोधलेही. सापडले असते तर काय करणार होते, फेव्हिकॉलने चिकटवणार होते?

चूक माझीच. मेलबर्नमधल्या जूनच्या थंडीत लिनो वाळक्या भाकरीसारखा कडक होतो, आधी इस्त्री फिरवून कोमट करायचा असतो. इस्त्री वर कपाटात होती, मला उठायचा कंटाळा आला. गरम केला की त्याला जवसाच्या तेलाचा वास सुटतो (लिनो बनतोच त्या तेलापासून), आणि मग आत्याची जवसाची चटणी आठवते. आज तेही नको होतं. मे महिन्यात तिकीट बघितलं होतं मी. असो.

रिडक्शन लिनोकटला एकच ठोकळा. पांढरं राहायचं ते आधी कोरायचं, सगळ्या कागदांवर फिका रंग छापायचा, मग तो जिथे राहायला हवा तेवढा भाग कोरून त्याच ठोकळ्याने पुढचा रंग. शेवटी फक्त काळ्यापुरता लिनो उरतो. मागे फिरता येत नाही, कागद कमी पडले तरी पुन्हा छापता येत नाहीत, म्हणून याला सुइसाइड प्रिंट म्हणतात. 1959 च्या सुमारास पिकासोनेही या पद्धतीत बरंच काम केलं. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हे सगळं हसत हसत सांगितलं गेलं, मीही हसले होते. बारा कागदांवर तीन रंग झालेत, फक्त काळा राहिलाय. बारा आत्या, बाराही तुळतुळीत.

दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हुबेहूब! किती छान दिसतेय." तेव्हापासून डोकं फिरलंय.

हुबेहूब कसली? मिरजेच्या स्टुडिओवाल्याने तेच केलं होतं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून तिची हनुवटी साफ केली, आणि तो फोटो आता हार घालून भिंतीवर आहे. मी ठरवून ते केस परत आणायला निघाले होते. लहानपणी मीच तिला "आत्या, तुला दाढी येतेय" म्हणाले होते, पंगतीत, सगळ्यांसमोर. ती वाढत होती. वाढतच राहिली, आमटी वाटीबाहेर गेली.

हे खूळ डोक्यात भरवलं ते जाझमिना सिनिनासने. इथल्याच मेलबर्नची, मूळ लिथुआनियन घरातली. वर्षानुवर्षं याच पद्धतीने लांडग्यात पालटणाऱ्या बायका काढत आलीय, आरएमआयटी विद्यापीठात त्यावर डॉक्टरेट केली, त्या सगळ्या चित्रमालिकेला नाव दिलं 'द गर्ली वेअरवुल्फ हॉल ऑफ फेम'. (मराठीत नरलांडगा म्हणावं तर या बायकांना कुठे बसवायचं?) 2010 च्या एका चित्राचं नाव आहे, ख्रिस्तिना आजीच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना झोपते. म्हणजे परीकथेतली लाल टोपीवाली पोरगीही तीच आणि आजीच्या जागी निजलेला लांडगाही तीच. मला वाटायचं ही कल्पनेची गंमत. पण जुन्या काळी एस्टोनियात लांडगा होऊन नुकसान केल्याचे जे खटले झाले, त्यांत 18 बायका होत्या आणि 13 पुरुष. केस, नखं, भूक, सगळं बाईच्या अंगावर आलं की लगेच खटला. आमच्याकडे नुसती पंगत.

तिच्या चित्रांत केस न केस दिसतो. आज कळलं ते काय असतं. गडद केस ठेवायचा म्हणजे पहिल्या रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत प्रत्येक वेळी त्याच्या कडेने कोरत जायचं, आणि तो तसाच उभा ठेवायचा. तिने हजारो ठेवले. मला तीन ठेवता आले नाहीत.

ओलाउस मॅग्नस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूने 1555 साली लिहून ठेवलंय की बाल्टिक किनाऱ्याकडचे लांडगे झालेले लोक नाताळात एका पडक्या भिंतीपाशी जमतात आणि उड्या मारतात. जो जाड्या उडी मारू शकत नाही, त्याला फटके. आत्या नऊवारीचा काचा मारून पलीकडे गेली असती. मी अलीकडे फटके खात बसले असते.

आत्ता पुन्हा कागद दिव्याखाली धरला तर आणखी एक गोष्ट दिसली. चमकी उजव्या नाकपुडीत आलीय. छाप उलटा पडतो, म्हणून फोटो उलटा करून ट्रेस करायचा असतो, तो मी सरळच केला होता. म्हणजे ते तीन केस राहिले असते तरी भलत्याच बाजूला उगवले असते. तीन रंग झाले, बारा कागद झाले, आणि हे ना मला दिसलं ना दादाला. हुबेहूब म्हणे! एकटीच हसत बसले स्वयंपाकघरात.

गुरुवारी काळा छापणार. बारीक पेनने केस रेखाटून टाक, असं क्लासमधली एकजण म्हणाली. नको. एकदा पेन्सिल चालवून झालीय तिच्यावर.

दात घासताना आरशात पाहिलं. डावीकडे, ओठाच्या कोपऱ्याखाली, एक आहे. बोटाला लागतो. चिमटा काढला होता, मग परत डब्यात टाकला. उद्या सकाळी उजेडात नीट दिसेल, तेव्हा बघू.