काळ्या पाण्याचं मूळ सापडलं (पेक्स हीटिंग, नोंद 7)

मंडळी, घर गरम ठेवायला मी बॉयलरचं गरम पाणी पेक्सच्या (म्हणजे प्लास्टिकच्या) पाइपांतून रेडिएटरमध्ये आणि फरशीखाली फिरवतो. गळती नाही, प्रेशर पडत नाही, तरी दर आठवड्याला रेडिएटरमध्ये हवा. मागच्या दोन नोंदी त्यातच गेल्या. रविवारी कारण सापडलं.

वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) सैल केला. आधी बराच वेळ नुसतं फुस्स, मग अडखळत पाणी आलं, शाईसारखं काळं. काचेच्या ग्लासात धरून तासभर ठेवलं, तर तळाशी पिठासारखा बारीक गाळ. बाहेरून लोहचुंबक लावला आणि हळूहळू वर सरकवला. गाळ त्याच्यामागे काचेवरून वर चढत आला. मॅग्नेटाइट, लोखंडाचा काळा, चुंबकाला चिकटणारा गंज. म्हणजे आतलं लोखंड गंजतंय: रेडिएटरचं पोलाद आणि पंपाचं बिडाचं अंग.

गंजायला ऑक्सिजन लागतो. भरताना पाण्यासोबत आलेला ऑक्सिजन थोड्या दिवसांत खर्च होतो, आणि मग पाणी निरुपद्रवी होतं. पाणी थंड असताना दाबाचा गेज दीड बारवर ठाम आहे, म्हणजे नवं पाणी आत येतच नाही. मग रोजचा ऑक्सिजन कुठून? पाइपच्या भिंतीतून.

हे मला आधी पटेना. आत दीड बार दाब असताना बाहेरची हवा आत शिरेलच कशी? पण प्रत्येक वायू फक्त स्वतःचा हिशेब बघतो: तो जिथे जास्त, तिथून कमी असेल तिकडे जातो. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाने खाऊन टाकलेला, बाहेरच्या हवेत तो 21 टक्के. पाण्याचा दाब त्याला अडवत नाही. शिवाय पाइप जितका गरम, तितकी ही झिरप जास्त. म्हणूनच हीटिंगच्या पेक्सवर ईव्हीओएच या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर (बॅरिअर) देतात. डिन 4726 या जर्मन मानकाप्रमाणे 40 अंशांना ही झिरप दिवसाला चौरस मीटरमागे 0.32 मिलिग्रॅमच्या आत हवी.

जिन्याखाली टॉर्च मारून पाइपवरची छपाई वाचली. पेक्स-बी (पेक्सचा एक प्रकार), 16 गुणिले 2 (बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी, मिलिमीटरमध्ये), तापमान, दाब, सगळं आहे. बॅरिअरचं नाव नाही, डिन 4726 नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप! पुरवठादाराला मी ‘हीटिंगसाठी’ असं स्पष्ट सांगितलं होतं. ‘पेक्स सगळा सारखाच’ हे त्याचं उत्तर मी खरं मानलं. तुम्ही मानू नका. कॉइल उघडण्याआधी छपाई स्वतः वाचा.

चांगली गोष्ट एवढीच, की माझ्या क्रिम्पच्या (धातूची रिंग दाबून केलेल्या) 46 जोडांपैकी एकही पाझरला नाही. प्रत्येक रिंगवर गो-नो-गो गेज (रिंग नीट दाबली गेली की नाही ते दाखवणारं माप) लावूनच पुढे गेलो होतो. गेज न लावता क्रिम्प करणं मला आजही मान्य नाही. बॉयलरपासूनचे पहिले 45 सेंटीमीटर तांब्याचे ठेवले होते, तेही जसेच्या तसे राहतील.

कारण कळल्यावर आधी बेत होता सगळाच पाइप बदलायचा. पण दोन खोल्यांचे फ्लोअर लूप (फरशी गरम करणारे पाइपचे वेढे) काँक्रीटखाली आहेत. ते काढायचे म्हणजे फरशी फोडायची. हे लिहिता लिहिताच सुचतंय: फ्लोअर फोडायचंच कशाला? मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारा) टाकून ते सर्किट बॉयलरपासून वेगळं करतो. तिकडे पाणी 38 अंशांचंच लागतं. ऑक्सिजन शिरेल, पण त्या बाजूला लोखंड ठेवलंच नाही तर गंजणार काय? म्हणजे पंप ब्राँझचा, मॅनिफोल्ड (लूपना पाणी वाटणारा) पितळी, एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेलं पाणी सामावणारी) पिण्याच्या पाण्याच्या दर्जाची. सेफ्टी वॉल्व्ह त्या बाजूला स्वतंत्र हवाच. आणि पाणी 50 अंशांवर गेलं की पंप बंद करणारा थर्मोस्टॅटही लावणार.

रेडिएटरच्या लाइन मात्र उघड्यावर आहेत, त्या नक्की बदलणार, पेक्स-अल-पेक्सने. मधला ॲल्युमिनियमचा थर ऑक्सिजन अडवतो, आणि पाइप तापताना-थंडावताना रात्री येणारी टकटकही जाईल. माझी सर्वांत लांब सरळ लाइन 12 मीटर. पाणी 60 अंशांनी तापलं की साधा पेक्स तिथे 11 ते 14 सेंटीमीटर लांबतो आणि क्लिपांमध्ये घासत सरकतो. अल-पेक्स त्याच ठिकाणी दोन सेंटीमीटरच्या आत. ह्याला प्रेस फिटिंग (यंत्राने दाबून बसवायचे जोड) लागतील, आणि कापल्यावर कॅलिब्रेटर (पाइपचं तोंड गोल करणारं हत्यार) फिरवून कड उतरवणं आलंच. चाचणीच्या तुकड्यावर ते न करता फिटिंग घुसवून पाहिलं: धारेने ओ-रिंग (फिटिंगमधली रबरी कडी) कापली गेली, नखाएवढी काळी चकती बाहेर आली.

आता क्रम असा: आधी फ्लोअर वेगळं, मग रेडिएटर लाइन, मग सगळं फ्लश करून (पाण्याने धुऊन) परतीच्या लाइनवर मॅग्नेटिक फिल्टर. पंप आज काढला. इम्पेलरवर (पंपाच्या आतल्या पात्यांवर) तोच काळा लेप होता. ब्रशने निघाला, खाली धातू शाबूत आहे. तो रेडिएटरच्या बाजूला परत बसवणार.